काळजीला वेळ ठरवून द्या

पोळा ते दसरा हा आमच्याकडे कडकीचा काळ. पऱ्हाटी कमरेला लागलेली, पण कापूस घरात यायला अवकाश. कृषी केंद्राच्या वहीत उधारी मात्र वाढत असते. यवतमाळकडे माझं कोरडवाहू वावर आहे, शिवाय बचत गटाचा हिशेब मी लिहिते. त्यामुळे या दिवसांत कोणत्या घरात काय चाललंय ते कर्जाच्या अर्जावरूनच कळतं. अशा वेळी कुणी "आनंदी राहा" म्हटलं की मला राग येतो. त्यापेक्षा काळजी आवरायची एक रीत सांगते.

दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. रोज तीच वेळ, तीच जागा. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९८३ मध्ये लोकांकडून हे करवून घेतलं, तेव्हा त्यांची दिवसभराची काळजी कमी झाली.

मी संध्याकाळ धरली. ढोरं बांधली की गोठ्याजवळच्या ओट्यावर वही घेऊन बसते. देवळाच्या भोंग्यावर सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की वही बंद. बिछान्यात ही वेळ घेऊ नका, मग झोपेची न् काळजीची जागा एकच होऊन बसते. चुलीपाशीही नको, भाकर करपते.

दिवसा काळजी आली तर तिला हाकलायचं नाही, पुढची तारीख द्यायची. निंदताना मनात आलं, "पोरीच्या होस्टेलचे पैसे कुठून आणू?" तर कागदावर दोन शब्द लिहा. कागद नसेल तर पदराला गाठ मारा. संध्याकाळी बघू, असं मनाला सांगा. सुरुवातीला मन ऐकत नाही, परत परत सांगावं लागतं.

वही उघडली की पानाच्या मधोमध रेघ ओढा. उजवीकडे आपल्या हातात नसलेलं: पाऊस, कापसाचा भाव, जाऊ काय बोलली ते. हे नुसतं लिहायचं, सोडवत बसायचं नाही. डावीकडे जिथं आपला हात चालतो ते, आणि प्रत्येकापुढे उद्याचं एकच काम, तेही टाळता येणार नाही इतकं बारीक. 'बोंडअळीचा बंदोबस्त' लिहिलं की ते तसंच पडून राहतं. मी लिहिते, 'कामगंध सापळ्यातले पतंग मोजणे'. मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारा हा सापळा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग निघाले तर फवारणीचं बघायचं, नाहीतर तेवढी उधारी वाचली. होस्टेलपुढे लिहिलं, 'शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आला ते विचारणे'. काही दिवस उजवी बाजूच भरते. भरू द्या.

मोठे निर्णय मात्र या वहीत घेऊ नका. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची चाचणी घेतली होती, २०१३ मध्ये ती छापून आली. पैसा हाती नसताना त्याच माणसाला कमी जमलं, पैसा आल्यावर जास्त. अक्कल तीच, ओढाताणच डोक्यातली जागा खात होती. म्हणून वावर गहाण टाकणं, लग्नाचा खर्च ठरवणं, ट्रॅक्टर घेणं हे सगळं कापसाचे दोन वेचे घरात आल्यावर, दिवाळीनंतर. थांबणं शक्यच नसेल तर सोबत असा माणूस न्या, ज्याला त्या व्यवहारात एक रुपया मिळणार नाही.

चांगल्या गोष्टी लिहा असंही लोक सांगतात. लिहा, पण रोज नको. सोनिया ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. बाजाराचा दिवस धरला तर ध्यानात राहतं.

आणि घरात किंवा शेजारी कुणी "आता जगून काय करू" असं बोलू लागलं, तर त्याच्या हाती वही देऊ नका. जवळ बसा, जीव द्यायचा विचार येतो का ते सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध त्या घरातून हलवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात जायला गाडी सकाळीच मिळणार असेल तर रात्रभर त्याला एकटं सोडू नका.