जुन्या इमारतींचे कृष्णधवल फोटो काढायला निघण्याआधी

बॅग भरायच्या आधी इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघून घ्या. बाकीची तयारी त्यावरच ठरते. फोटोत रंग नसणार, म्हणजे भिंतीचं वय सांगायला फक्त उजेड आणि सावली उरते. पूर्वेच्या भिंतीवर कोवळं ऊन थेट समोरून पडतं आणि ती पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. मध्यान्हीच्या थोडं आधी ऊन तिला घासून जाऊ लागतं, तेव्हा गिलाव्याच्या प्रत्येक पोपड्याच्या कडेला बारीक सावली धरते, विटांमधल्या दरजा उठून येतात, कमानीवरची झिजलेली अक्षरं वाचता येतात. ‘सकाळीच जा’ हा सल्ला म्हणूनच मला अर्धाच पटतो. पश्चिमेच्या भिंतीला हीच वेळ मध्यान्हीनंतर लगेच मिळते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडची भिंत हिवाळाभर सावलीतच असते. तिच्यासाठी ढगाळ दिवस राखून ठेवा आणि पांढरंफटक आभाळ चौकटीबाहेर ठेवा.

सकाळचा खरा फायदा रिकाम्या रस्त्याचा. फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्जे यांनी 1927 पर्यंत जुनं पॅरिस 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचेच्या निगेटिव्हवर टिपलं, तेही बऱ्याचदा भल्या सकाळी. आज दारासमोर गाड्या उभ्या असतात, त्यामुळे उजेड हवा की मोकळी जागा, हे आधीच ठरवून निघा.

फिल्मवर काढणार असाल तर लेन्ससमोर लावायचे रंगीत फिल्टर घ्या. लाल फिल्टरने निळं आभाळ काळवंडतं, पण लाल विटाही फिक्या पडतात, शिवाय साधारण 3 स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). विटांच्या इमारतीला मी पिवळाच लावीन. त्यात जेमतेम 1 स्टॉप जातो. डिजिटलवाल्यांनी फिल्टर घरीच ठेवावेत. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा, पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसेल असं सेटिंग करा; रंगांची माहिती फाइलमध्ये राहते आणि विटा किती गडद करायच्या ते नंतर ठरवता येतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हमखास राखाडी करतो, तिथे उजेड एक ते दीड स्टॉप वाढवा. डिजिटलवर मात्र हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघत वाढवा.

ट्रायपॉड हवाच, पण तो लावायला परवानगी लागते का ते आधी विचारा. कॅमेरा वर वाकवला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. तो पाणसळीत धरा, जमेल तितकं मागे सरा आणि नंतर रेषा सरळ करायला चारी बाजूंनी जागा सोडा. अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/8 ते एफ/11 पुरे. एफ/16 च्या पुढे, म्हणजे भोक आणखी बारीक केलं की, बारकावे मऊ पडू लागतात. जादा बॅटरी, लेन्सचं हूड, पुसायचं फडकं, हे ओघाने आलंच.

आणि आदल्या दिवशी तिकडून एक चक्कर मारा, नाहीतर कुणाकडून तरी खात्री करून घ्या. दुरुस्ती निघाली असेल, तर दर्शनी भागावर परांची आणि हिरवी जाळी चढलेली असते.