लडाखमधला खोकला, ताप, डोकेदुखी: या चुका टाळा

मुंबईहून सकाळचं विमान पकडलं की दुपारच्या जेवणाला माणूस लेहमध्ये, समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर. तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. पहिला दिवस बरा गेला की "आपल्याला हवा मानवली" असं धरून लोक मोकळे होतात. १९६०च्या दशकात लष्करातले डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला. त्रास सुरू व्हायला पोहोचल्यापासून ६ ते ९६ तास लागलेले दिसले. तेव्हा निकाल इतक्यात लावू नका.

टूरवाल्यांच्या कार्यक्रमात नुब्रा खोऱ्यानंतर लगेच पँगाँग सरोवर असतं. नुब्रातलं हुंदर साधारण ३,१०० मीटरवर, पँगाँगचा काठ ४,२०० च्या वर. खरं तर ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. इथे दुपटीने वाढते. शिवाय रात्री तंबूत कुणी अत्यवस्थ झालं तर लेहची नेहमीची वाट ५,३०० मीटरपेक्षा उंच चांग ला खिंडीवरून जाते. उतरायचं म्हणून आधी चढायचं! पँगाँग शेवटी ठेवा, आणि डोकं ठणकत असेल तर तिथे मुक्काम नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उंचीवरच्या खोकल्याला सर्दी किंवा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत बसणं. १८९१ साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर डॉ. जाकोते वारले, तेव्हा न्यूमोनियाच समजला गेला. शवविच्छेदनात फुफ्फुसांत पाणी भरलेलं आढळलं. उंचीमुळे फुफ्फुसांत पाणी भरण्याच्या या आजारातही बारीक ताप येतो, म्हणूनच फसगत होते. ओळखायचं असं: उंची गाठल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुधा रात्री, कोरडा खोकला वाढतो आणि नुसतं बसलं तरी धाप लागते. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सोबत्यांचा आकडा ८८ आणि आजाऱ्याचा ७० असेल तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन लावा आणि किमान १,००० मीटर खाली न्या. ते जमण्यासारखं नसेल तर इस्पितळ गाठा. खोकल्यातून गुलाबी फेस दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

कापराची पुडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं वाटतं, इतकंच. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका.

आता उलटी चूक. डोकेदुखी, उलट्या, गुंगी आली की "उंचीचाच त्रास" म्हणून सोडून देणं. सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालायला सांगा. झोकांडी गेली तर मेंदूला सूज आली असं समजून डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं औषध), ऑक्सिजन आणि उतरण्याची घाई करा. पण सोबत सणसणीत ताप, मान ताठ, किंवा अंगावर जांभळे ठिपके असतील, तर सावध व्हा; ठिपके असतील तर काचेचा पेला त्यांवर दाबून पाहा. तरीही ठिपके फिके होत नसतील तर जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा संशय घ्यायचा. हा दुर्मीळ, पण काही तासांत जीव घेऊ शकणारा संसर्ग आहे, आणि इथे मात्र अँटिबायोटिकला एका तासाचाही उशीर नको. ठिपके नसले म्हणून मेंदूज्वर नाही असंही नाही. खाली नेत असतानाच वाटेतल्या लष्करी किंवा सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळेल का, ते ड्रायव्हरला विचारून घ्या.