मीटर म्हणतो दोन्ही पांढरे सारखे, डोळा म्हणतो नाही: आपल्या डोळ्याचा फरक मोजायचा कसा

फोन ओलेड, लॅपटॉप पी३ (जास्त रंग दाखवणारा), एडिटिंगचा मॉनिटर तिसऱ्याच कंपनीचा, सगळे नीट कॅलिब्रेट केलेले, स्क्रीनचा रंग मोजणाऱ्या मीटरवर पांढऱ्याचे आकडे तंतोतंत सारखे, आणि शेजारीशेजारी ठेवले की एक हिरवट दिसतो नि दुसरा गुलाबीसर. आमच्या ठाण्यात, नौपाड्यात साड्यांचे फोटो एडिट करणाऱ्यांना, वागळे इस्टेटला पॅकेजिंगच्या फाइली पाठवणाऱ्यांना हे रोजचं आहे. अशा वेळी लगेच मीटर किंवा पॅनल खराब ठरवू नका. मीटरचे ते x, y (रंगाची जागा सांगणारे) आकडे सीआयई या रंग-प्रकाशाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या 'स्टँडर्ड ऑब्झर्व्हर'चे असतात, म्हणजे १९२० च्या दशकात राइट आणि गिल्ड यांनी इंग्लंडमध्ये मिळून १७ लोकांवर घेतलेल्या मापांची सरासरी, तीही फक्त २ अंशांच्या छोट्या ठिपक्यावर. त्यात तुमचा डोळा नाही. जुन्या एसआरजीबी मॉनिटरवर हे फारसं टोचत नव्हतं कारण त्यांच्या लाल-हिरव्या-निळ्याचा प्रकाश बऱ्याच वेव्हलेंथवर पसरलेला होता, पण गॅमट (दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका) वाढवायचा म्हणजे प्रायमरी (मूळ लाल, हिरवा, निळा) अरुंद करायच्या (२०१२ च्या बीटी.२०२० या टीव्हीच्या मानकात तर थेट ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरच्या एकरंगी प्रायमरी आहेत) आणि प्रकाश जितका अरुंद तितका माणसामाणसातला फरक उघडा पडतो.

तर आधी मीटरने मोजायचं, मग डोळ्याने जुळवायचं, आणि दोन्हीतला फरक लिहून ठेवायचा. तो फरक म्हणजे चूक नाही, तोच आपला डेटा.

खोलीपासून सुरुवात करा. रात्री करा, कारण दुपारी समोरच्या बिल्डिंगच्या रंगाचा उजेड भिंतीवर येतो, पडदा कितीही जाड असला तरी. रस्त्यावरच्या एलईडीचा उजेड अडवा, ट्यूब बंद, भिंत जमलं तर करडी, नाहीतर स्क्रीनमागे करडा चार्ट पेपर लावा. स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या. ट्रू टोन, नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग सगळं बंद. दोन्ही स्क्रीन १०० निट्सच्या (निट म्हणजे उजळपणाचं एकक) आसपास एकसारख्या आणा. आणि चष्मा बघा, हल्ली दुकानदार न विचारताच ब्लू-कट कोटिंग लावून देतो, तसा चष्मा असेल तर एकतर काढा नाहीतर वहीत नोंद करा.

आता मीटर. साधा कलरिमीटर फिल्टरवर चालतो, त्याला तुमच्या पॅनलच्या जातीची करेक्शन फाइल दिली नाही तर वाइड-गॅमटवर त्याचे आकडे भरकटतात. या कामाला स्पेक्ट्रोफोटोमीटरच हवा, कारण पुढे आपल्याला x, y नाही तर अख्खा स्पेक्ट्रम (कुठल्या वेव्हलेंथला किती प्रकाश) लागणार आहे. विकत घ्यायला महाग पडतो, भाड्याने किंवा ओळखीच्या प्रेसवाल्याकडून एका संध्याकाळपुरता मिळाला तरी काम होतं. आर्गिलसीएमएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं स्पॉटरीड स्पेक्ट्रम वाचून फाइलमध्ये देतं, हाय रिझोल्यूशन मोड असेल तर तो वापरा, कारण हल्लीच्या बऱ्याच एलसीडीत लाल फॉस्फरचा ६३१ च्या आसपासचा काटा इतका बारीक असतो की १० नॅनोमीटरच्या पायरीत तो चपटा होऊन जातो.

मग खरं काम, डोळ्याने जुळवणं. काळ्या कार्डपेपरला दोन सारख्या खिडक्या कापा, एकीतून एक स्क्रीन दिसेल, दुसरीतून दुसरी. हात सरळ लांब केला की अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश आणि मूठ साधारण १० अंश, खिडकी मुठीएवढी दिसेल इतकी ठेवा, कारण आपण स्क्रीन ठिपक्यातून बघत नाही. एका स्क्रीनचा पांढरा तसाच ठेवायचा, दुसरीवर हिरवा कायम ठेवून लाल आणि निळा कमीजास्त करत जुळवायचं, शेवटी ब्राइटनेस. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: सुरुवात दर वेळी वेगळ्या बाजूने करा, कधी गुलाबीकडून, कधी हिरव्याकडून, कधी निळ्याकडून. ज्या बाजूने याल त्याच बाजूला हात थोडा आधी थांबतो, हे सगळ्यांचं होतं, म्हणून सगळ्या बाजूंची सरासरी घ्यायची. टक लावून बघू नका, दहाएक सेकंद बघितलं की नजर करड्या भिंतीवर, नाहीतर डोळा सरावतो आणि काहीही जुळल्यासारखं वाटतं. जुळलं की लगेच दोन्ही पॅचचा स्पेक्ट्रम मोजून सेव्ह करा.

आमच्या काकांना बसवलं तेव्हा जे दिसलं ते इथे सांगतो कारण ते पुढे येणाऱ्या डोळ्याच्या मॉडेलला थेट लागू आहे. त्यांच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एक डोळा झाकून बघितलं तर म्हणाले डावा पॅच पिवळट, दुसरा झाकला तर म्हणाले अरे आता तोच निळसर झाला. माणूस एकच, स्क्रीन त्याच. वयानुसार डोळ्यातली लेन्स पिवळी होत जाते आणि निळा अडवते, तेही ४४० नॅनोमीटरला जास्त आणि ४६० ला कमी, म्हणून ज्या स्क्रीनचा निळा जास्त शॉर्ट वेव्हलेंथचा असतो तिचा पांढरा मोठ्या वयाच्या माणसाला तुलनेने पिवळट वाटतो. ऑपरेशननंतरची लेन्स बहुतेक वेळा पारदर्शक असते (काही पिवळ्या छटेच्याही बसवतात), त्यामुळे त्या डोळ्याला जन्मतारखेचा हिशोब लागूच होत नाही. माणसाची नोंद घेताना वय, ऑपरेशन, चष्मा आणि रंगांधळेपणाच्या इशिहारा टेस्टचा निकाल हे चारही लिहा. रंगांधळेपणा निघाला तर त्या माणसाला बाहेर काढू नका, फक्त त्याचा डेटा वेगळा ठेवा.

मॉडेलिंग स्प्रेडशीटमध्येही होतं, घाबरायचं काही नाही. सीआयई १७०-१:२००६ मध्ये डोळ्यातल्या तीन शंकूंच्या (रंग ओळखणाऱ्या पेशींच्या) संवेदनशीलतेचं मॉडेल आहे, त्यात २० ते ८० वय आणि १ ते १० अंश एवढंच घालायचं, लेन्स आणि मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा) पिवळेपणा ते त्यावरून काढतं. यूसीएलच्या कलर अँड व्हिजन रिसर्च लॅबच्या साइटवर २ आणि १० अंशांची कोष्टकं आणि लेन्स-मॅक्युलाचा डेटा मिळतो. जुळवलेल्या दोन्ही स्पेक्ट्रमना प्रत्येक वेव्हलेंथला तीन शंकूंच्या संवेदनशीलतेच्या वक्रांनी गुणा, बेरीज करा, दोन्ही पॅचचे एल, एम, एस (एकेका शंकूचा एक) आकडे मिळाले. डोळ्याला सारखे दिसले म्हणजे हे तीनही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग वय २० पासून ८० पर्यंत बदलत जा आणि फरक सर्वात कमी कुठे होतो ते बघा. ते तुमच्या डोळ्याचं 'मॉडेलमधलं वय', खऱ्या वयापेक्षा वेगळं निघालं तरी दचकू नका, एकाच वयाच्या माणसांतही लेन्स खूप वेगवेगळ्या असतात. यापुढे जायचं तर असानो, फेअरचाइल्ड आणि ब्लोंडे यांचं २०१६ चं मॉडेल आहे, त्यात ८ पॅरामीटर आहेत, पण फक्त पांढरा जुळवून ८ गोष्टी सुटणार नाहीत. करडा, त्वचेचा रंग, फिकट मोरपंखी, फिकट राणी असे बरेच रंग जुळवा. एकदम भडक (सॅच्युरेटेड) रंग यासाठी टाळा, दोन स्क्रीनवर ते पुष्कळदा जुळतच नाहीत.

एवढ्यात जायचं नसेल, फक्त काम चालवायचं असेल, तर ओलेडसाठी एक तयार तोडगा वापरात आहे: डी६५ (नेहमीचा प्रमाण पांढरा) च्या ०.३१२७, ०.३२९० या x, y ऐवजी पांढरा ०.३०६७, ०.३१८ वर ठेवायचा. १९३१ चा वक्र ४६० च्या खाली निळ्याची संवेदना कमी धरतो, जड या रंगशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ती दुरुस्त केली, हा आकडा त्याच दुरुस्तीवरून आलाय. बऱ्याच जणांना बरोबर वाटतो, पण सरासरी ती सरासरीच, मी तरी आपलं जुळवलेलंच वापरेन.

बारीक फरक किती ओळखता येतो हे मोजायचं असेल तर चार चौकोन दाखवा, तीन सारखे, एक वेगळा. लागोपाठ दोनदा बरोबर ओळखला की फरक कमी करा, एकदा चुकला की वाढवा, हे ७०.७ टक्के अचूकतेच्या जागी येऊन थांबतं. सायकोपाय या असल्या प्रयोगांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार आहे. फक्त ८ बिटवर करू नका, तेच २५६ टप्पे मोठ्या गॅमटवर ताणले की एक टप्पाच डोळ्याच्या मर्यादेपेक्षा मोठा होऊ शकतो, १० बिट नाहीतर डिदरिंग (पिक्सेल मिसळून मधले टप्पे दाखवणं) हवं. रंगातला किती फरक ओळखू येतो ते दाखवणाऱ्या मॅकॅडमच्या १९४२ च्या प्रसिद्ध लंबवर्तुळांवरून आपला थ्रेशोल्ड (जेमतेम ओळखू येणारा फरक) धरू नका, ती मुख्यतः एकाच माणसाच्या डोळ्याची आहेत.

आणि भडक राणी किंवा लाल रंगावर डेल्टा ई २००० (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) बघून निर्धास्त होऊ नका. इतके भडक रंग मीटरच्या निट्सपेक्षा डोळ्याला जास्त उजळ वाटतात, याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश इफेक्ट म्हणतात, आणि डेल्टा ई ज्यावर बेतलाय त्या सीआयईलॅब रंगमोजणीत तो धरलेलाच नाही. त्यासाठी राणी पॅचशेजारी करडा ठेवून तो 'तेवढाच उजळ' वाटेपर्यंत वाढवायला सांगा, मग दोन्हींचे निट्स मोजा. करड्याचे निट्स भागिले राणीचे निट्स, हा गुणोत्तराचा आकडा प्रत्येक माणसासाठी वेगळ्या कॉलममध्ये, स्पेक्ट्रमच्या फाइलच्या नावासकट.