‘पर्यंत’साठी बाय की अंटिल? इंग्रजीत ‘टू बी’च्या पुढे वेळ कशी लिहावी

‘अर्ज शुक्रवारपर्यंत भरायचा आहे.’ हे इंग्रजीत लिहायला सांगितलं की बरेच जण लिहितात, ‘द फॉर्म हॅज टू बी सबमिटेड टिल फ्रायडे.’ क्रियापद अगदी बरोबर आहे. बिघडतं ते ‘टिल’पाशी. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला त्यातून ‘शुक्रवार येईपर्यंत अर्ज भरतच राहायचा’ असं काहीतरी ऐकू येतं. सूचना, नियम, कार्यालयीन पत्रं यांत ‘टू बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप अशी जोडी सतत येते आणि तिच्या मागोमाग बहुधा मुदत असते. म्हणून ही जागा नीट शिकून घ्यावी.

पहिली पायरी: क्रिया एका क्षणी संपते की चालू राहते?

आपला ‘पर्यंत’ दोन वेगळी कामं एकटाच करतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज भरा’ यात क्रिया एकदाच होते, शुक्रवार ही तिची शेवटची मुदत. ‘शुक्रवारपर्यंत खिडकी उघडी ठेवा’ यात उघडी असण्याची स्थिती शुक्रवार येईतो टिकते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’, दुसऱ्यासाठी ‘अंटिल’ किंवा ‘टिल’:

द फॉर्म हॅज टू बी सबमिटेड बाय फ्रायडे.
द विंडो इज टू बी केप्ट ओपन अंटिल फ्रायडे.

शंका आली तर मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘आठ दिवसांपर्यंत पैसे भरा’ हे ‘आठ दिवसांच्या आत पैसे भरा’ असं सहज बदलता येतं, म्हणजे क्रिया एकदाच होणारी आहे. ‘आठ दिवसांच्या आत खिडकी उघडी ठेवा’ म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणजे तिथे ‘अंटिल’ हवं. ही कसोटी मला कोणत्याही नियमापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ती आपल्याच कानावर चालते.

नकार आला की मात्र पारडं फिरतं. ‘पाकीट सोमवारपर्यंत उघडायचं नाही’ यात उघडणं एका क्षणाचं असलं तरी न उघडणं चालू राहतं. म्हणून ‘द एन्व्हलप इज नॉट टू बी ओपन्ड अंटिल मंडे’.

मुदत कडक असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नसतो. त्या दिवशी किती वाजेपर्यंत हेही महत्त्वाचं असेल तर सरळ ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ लिहावं.

दुसरी पायरी: दोन ‘बाय’ आले तर क्रम लावा

कर्मणी प्रयोगात ‘कोणाकडून’ हे सांगायलाही ‘बाय’च लागतं. त्यामुळे ‘द लेटर इज टू बी साइन्ड बाय द मॅनेजर बाय मंडे’ असं वाक्य तयार होतं. ते शुद्ध आहे, घाबरू नका. माणूस आधी, वेळ नंतर, एवढं पाळा. ठिकाणही असेल तर तेसुद्धा वेळेच्या आधी: ‘टू बी हेल्ड इन द हॉल ॲट टेन ऑन मंडे’. यात तास आधी आणि वार मागून आला आहे. मराठीत आपण ‘सोमवारी दहा वाजता’ म्हणतो, त्यामुळे क्रम उलटा होतो.

तिसरी पायरी: ‘इन’ लिहिण्याआधी थांबा

‘द रोड इज टू बी रिपेअर्ड इन टू डेज.’ याचा अर्थ दोन दिवसांत काम उरकायचं की दोन दिवसांनी करायचं? दोन्ही निघतात. मराठीत ‘दिवसांत’ आणि ‘दिवसांनी’ असा प्रत्ययाचा फरक आहे, इंग्रजीत तो पुसला जातो. मुदत सांगायची असेल तर ‘विदिन टू डेज’ लिहा, आजपासून दोन दिवसांनंतरचं सांगायचं असेल तर ‘टू डेज फ्रॉम नाऊ’, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे तारीखच.

चौथी पायरी: वेळ मागची असेल तर ‘टू हॅव बीन’

काल अटक झाल्याचं म्हटलं जातं, तर ‘ही इज सेड टू बी अरेस्टेड यस्टरडे’ चालत नाही. बोलणं आजचं, अटक कालची. ते अंतर दाखवायला ‘ही इज सेड टू हॅव बीन अरेस्टेड यस्टरडे’ लागतं. ‘सिन्स मार्च’सारखी मागून आजवर आलेली वेळही याच रूपाला जोडतात: ‘द ब्रिज इज बिलीव्ह्ड टू हॅव बीन क्लोज्ड सिन्स मार्च’.

‘वॉज’ आलं की एक सुंदर छटा मिळते. ‘द मीटिंग वॉज टू बी हेल्ड यस्टरडे’ म्हणजे बैठक काल ठरली होती. ती झाली की नाही, हे वाक्य सांगत नाही. ‘द मीटिंग वॉज टू हॅव बीन हेल्ड यस्टरडे’ म्हटलं की ती झालीच नाही हेही कळतं. मराठीत हे आपण ‘व्हायची होती’ म्हणताना आवाजाच्या हेलाने सुचवतो.

पाचवी पायरी: ‘ऑन’ कुठे नको

‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’, ‘टुमॉरो’ यांच्या आधी ‘ऑन’, ‘इन’, ‘ॲट’ काहीही नको. ‘टू बी हेल्ड नेक्स्ट मंडे’ पुरे. आणि सकाळ एरवी ‘इन द मॉर्निंग’ असली तरी वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’.

शेवटची पायरी: वेळ कोणत्या क्रियापदाची?

‘द फाइल्स वेअर ऑर्डर्ड टू बी डिस्ट्रॉइड ऑन मंडे.’ सोमवारी आदेश निघाला, की फायली सोमवारी नष्ट करायच्या होत्या? वेळ शेवटी असली की वाचणारा ती बहुधा जवळच्या क्रियापदाला, म्हणजे ‘डिस्ट्रॉइड’ला जोडतो. आदेशाचा वार सांगायचा असेल तर तो ‘ऑर्डर्ड’ला चिकटवा: ‘द फाइल्स वेअर ऑर्डर्ड ऑन मंडे टू बी डिस्ट्रॉइड’. मराठीतही हा घोळ तसाच आहे. ‘सोमवारी फायली नष्ट करण्याचा आदेश दिला’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं, म्हणून भाषांतराआधी मूळ मराठी वाक्यच ‘फायली नष्ट करण्याचा आदेश सोमवारी दिला’ असं नीट करून घ्यावं, आणि मगच इंग्रजीला हात घालावा.