खेळ रचणारा फॉरवर्ड गेल्यावर संघ पुन्हा कसा बसवायचा

फुटबॉल संघात पुढे राहून खेळ रचणारा, म्हणजे गोलच्या संधी घडवणारा, फॉरवर्ड गुडघा दुखावून बाहेर बसला किंवा ऐन हंगामात दुसऱ्या संघात गेला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘त्याच्यासारखाच दुसरा बघा.’ हा सल्ला मानू नका. तसा दुसरा सहज मिळत असता, तर सगळा संघ त्या एकावर उभा राहिलाच नसता. बदली माणूस शोधण्यात आठवडे जातात आणि तेवढ्यात चार सामने हातचे जातात. खरी कामे दोन आहेत. तो जे करत होता ते मोजून तीन-चार जणांत वाटायचे, आणि त्याच्या जाण्याने प्रतिस्पर्ध्याचा जो खेळाडू मोकळा झाला त्याला पुन्हा अडकवायचे. पहिले काम बरेच प्रशिक्षक करतात. दुसरे कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि संघ नेमका तिथे फसतो.

आधी मोजा

त्याच्या शेवटच्या पाच सामन्यांचे चित्रण काढा, मोबाइलवरचे असले तरी चालेल. कागदावर मैदान आखा, लांबीचे सहा आणि रुंदीचे तीन भाग करा, म्हणजे अठरा चौकोन होतील. त्याला चेंडू मिळाला की प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपा : कुठल्या चौकोनात मिळाला, तेव्हा तोंड कुणाच्या गोलकडे होते, पास कुणी दिला, आणि पुढे काय झाले. चित्रण नसेल तर मधल्या फळीतल्या प्रत्येकाला वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारा : ‘अडचणीत सापडलास की चेंडू कुणाकडे टाकायचास?’ उत्तरे ऐकून संघ किती अवलंबून होता ते कळेल.

दोन रकाने हमखास राहून जातात. एक, त्याने मिळवलेल्या फ्री किक. त्याला पाडले की आपल्या बचावफळीला अर्धा मिनिट श्वास घ्यायला मिळायचा. तो श्वास आता मिळणार नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतील ते यामुळेच. दोन, त्याच्या अंगावर किती जण धावून जायचे. हा आकडा बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा. त्याचे कारण पुढे येते.

त्याच्या जागी त्याची नक्कल उभी करू नका

१९६२च्या विश्वचषकात चिलीमध्ये ब्राझीलच्या दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पेले दुखावला आणि स्पर्धेबाहेर गेला. जागी आलेल्या अमारिल्दोवर पेले होण्याचे ओझे टाकले गेले नाही. तो सरळ गोलकडे धावणारा खेळाडू होता, त्याला तेच करू दिले. स्पेनविरुद्धचा सामना ब्राझीलने २-१ जिंकला, दोन्ही गोल त्याचे. खेळ रचायचे काम उजव्या बगलेच्या गारिंचाकडे गेले. त्याने इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपांत्य फेरीत चिलीविरुद्ध दोन गोल केले. डावीकडचा झागालो मागे उतरून मधल्या फळीला हात देत होता. काम तिघांत वाटले गेले, आणि ब्राझीलने चषक राखला.

२०१४मध्ये त्याच ब्राझीलचा नेयमार कोलंबियाविरुद्ध पाठीच्या मणक्याला दुखापत होऊन बाहेर गेला. चार दिवसांनी जर्मनीसमोर रचना तीच ठेवून आघाडीत बर्नार्डला घेतले. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी नेयमारची जर्सी हातात धरली होती. जर्मनीने २९ मिनिटांत पाच गोल केले आणि सामना ७-१ जिंकला. कर्णधार थियागो सिल्वाही निलंबनामुळे नव्हता, त्यामुळे सगळा दोष एका जागेवर टाकता येत नाही. तरीही दोघे कमी असताना मधली फळी भरून काढण्याऐवजी जुनाच आराखडा पुढे रेटणे ही चूक होतीच.

तिसरे उदाहरण इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे. २०१३-१४च्या लीग हंगामात त्यांनी १०१ गोल केले, त्यातले ३१ स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा, सुआरेझ याचे. तो बार्सिलोनाला गेला आणि आघाडीसाठी बालोतेली आणला. सुआरेझ बचावपटूंच्या आडवा-तिडवा धावायचा, चेंडू गेला की लगेच मागे लागायचा. बालोतेली चेंडू पायात मागणारा. पुढच्या हंगामात लीगमध्ये बालोतेलीचा एक गोल झाला आणि संघाचे ५२. दुसरा स्ट्रायकर स्टरिज दुखापतीने बराच काळ बाहेर होता हेही खरे, पण काम न पाहता नाव पाहून केलेली भरती कशी फसते हे इथे स्वच्छ दिसते.

अवघड टप्पा : मोकळा झालेला सहा नंबर

प्रतिस्पर्ध्याची बचावफळी आणि मधली फळी यांच्यामध्ये १०-१५ मीटरची एक पट्टी असते. खेळ रचणारा फॉरवर्ड तिथे राहतो. तो तिथे असतो म्हणून प्रतिस्पर्ध्याचा होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे सहा नंबर, बचावफळीला चिकटून राहतो. एखादा सेंटर बॅकही, म्हणजे मधला बचावपटूही, अर्धे पाऊल पुढे, अर्धे मागे अशा घोळात असतो. एक माणूस दोघांना बांधून ठेवतो.

तो गेला की हा सहा नंबर सुटतो आणि दहा मीटर पुढे येऊन थेट तुमच्या चेंडू वाटणाऱ्या मिडफिल्डरच्या अंगावर जातो. मग मैदानात जे दिसते ते असे : मधल्या फळीला वळायला वेळ मिळत नाही, पास मागे जातात, सेंटर बॅक वैतागून लांब चेंडू मारतो, स्ट्रायकर एकटा दोघांशी झुंजतो, सुटलेला चेंडू उचलायला आपले कुणी नसते. बाहेरून ओरड होते, ‘स्ट्रायकर काही करत नाही!’ मध्यंतराला स्ट्रायकर बदलला जातो आणि उत्तरार्धही तसाच जातो. बिघाड पुढे दिसत असला तरी तो सुरू होतो तीस मीटर मागे.

इथे सगळ्यात घातक सल्ला मिळतो : ‘तुमचा सर्वात हुशार पासर पुढे दहा नंबरला, म्हणजे गेलेल्या फॉरवर्डच्या जागी, खेळवा.’ कधीही करू नका. चेंडू मागून पुढे आणणारा तोच असतो. त्याला पुढे नेले की पट्टीत उभा राहून तो स्वतःच्याच पासची वाट बघत बसतो आणि तळमजला कोसळतो. पाया हलवायचा नाही. बदल त्याच्या पुढच्या माणसांत करायचा.

सहा नंबरला अडकवण्याचे तीन मार्ग आहेत. कुठला घ्यायचा हे तुमच्याकडे कोण आहे यावर ठरते, कुणाचा आराखडा गाजतोय यावर नाही.

पहिला, एकाऐवजी दोन. छोट्या जागेत वळू शकणारे दोघे असतील तर स्ट्रायकरमागे दोघांना सहा नंबरच्या डाव्या-उजव्या खांद्यामागे उभे करा, ३-४-२-१ किंवा आठ नंबर, म्हणजे मधल्या फळीतले पुढे जाणारे दोघे, पुढे असलेले ४-३-३ (बचावफळीपासून पुढे प्रत्येक ओळीत किती जण ते हे आकडे सांगतात). एक माणूस दोन्हीकडे बघू शकत नाही. दोघांत १५ ते १८ मीटर अंतर हवे. जवळ आले की तो एकटा दोघांना सांभाळतो.

दुसरा, दोन स्ट्रायकर आणि मागून येणारी धाव. तंत्र मध्यम पण फुप्फुस दांडगे असा मिडफिल्डर असेल तर हाच मार्ग. जानेवारी २०२५मध्ये इटलीच्या नापोली क्लबने क्वारात्सखेलियाला पॅरिस सें-जर्मेन क्लबला विकले. त्याच्या जागी खेळणारा नेरेस फेब्रुवारीत दुखावला. डाव्या बगलेतून खेळ उभा करणारे दोघेही गेल्यावर प्रशिक्षक आंतोनियो कोन्तेंनी तिसरा विंगर ओढूनताणून उभा केला नाही. ३-५-२ लावून स्ट्रायकर लुकाकूच्या शेजारी रास्पादोरीला आणले. दोघांनी सेंटर बॅक खिळवून ठेवले की मागून मिडफिल्डर स्कॉट मॅकटॉमिनेला धावायला जागा होते. त्याने त्या हंगामात लीगमध्ये १२ गोल केले, आणि नापोलीने इंटर मिलानपेक्षा एका गुणाने, ८२ विरुद्ध ८१, विजेतेपद घेतले. उन्हाळ्यात टणक आणि उंचसखल झालेल्या आपल्याकडच्या मैदानांवर मी डोळे मिटून हाच मार्ग सांगेन. पट्टीत पायात दिलेला पास तिथे उडतो. दुसऱ्या स्ट्रायकरला उसळलेला चेंडू तरी मिळतो.

तिसरा, पट्टी सोडून बगलेने जाणे. जानेवारी २०१८मध्ये खेळ रचणारा कुटिन्यो गेल्यावर लिव्हरपूलने तसा दुसरा घेतला नाही. मधली फळी मेहनती ठेवली आणि रचनेचे काम हळूहळू फुलबॅककडे, म्हणजे दोन्ही बगलांच्या बचावपटूंकडे, गेले. २०१८-१९मध्ये लीगमध्ये अलेक्झांडर-अरनॉल्डचे १२ आणि रॉबर्टसनचे ११ असिस्ट, म्हणजे गोलआधीचे शेवटचे पास, होते. सहा नंबर मधोमध थांबला काय आणि पुढे आला काय, चेंडू त्याच्या बाजूने जातच नाही. मात्र मागची पोकळी भरणारे वेगवान सेंटर बॅक नसतील तर या वाटेला जाऊ नका.

मार्ग कुठलाही असो, सराव एकच. ४० मीटर लांब, ३५ मीटर रुंद जागा घ्या. गोलसमोर १६ मीटर सोडून शंकूंनी १२ मीटरची आडवी पट्टी आखा. चढाई करणारे सात, बचावाला सहा आणि गोलकीपर. नियम तीन. चढाई करणाऱ्यांपैकी कुणीही पट्टीत उभे राहायचे नाही. पास देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटला की मगच आत शिरायचे. स्ट्रायकरला दोनच स्पर्श. पट्टीत चेंडू घेऊन गोलकडे तोंड वळवले आणि त्या चढाईत गोल झाला तर तो दोन धरायचा. चार मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती. आठवड्यातून दोनदा, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही.

चूक ठरलेल्या ठिकाणी होते. धावणारा लवकर निघतो, सहा नंबर त्याच्याबरोबर मागे येतो आणि पट्टी आधीच भरते. धाव अर्धा सेकंद उशिरा निघाली तर चालते, लवकर निघाली तर सगळे वाया. दुसरी चूक : स्ट्रायकर चेंडूसाठी खाली येतो, मिडफिल्डर वर जातो, दोघे एकाच जागेवर आदळतात. नियम लावा : स्ट्रायकर खाली आला तर दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे, बचावफळीच्या पलीकडे धावायचे. तिसरी, आणि हिच्यासाठी सराव थांबवून सगळ्यांना जागेवर उभे करा : मधले तिघेही एकदम धावतात. एक जातो, एक दहा मीटरवर सुटलेल्या चेंडूसाठी थांबतो, एक मागे राखण करतो. हे वाटप बोलून ठरत नाही, पायाला वळण लागावे लागते. तीन आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात खेळ आधीपेक्षा वाईट दिसेल, तेव्हा घाबरून जुन्या रचनेकडे परतू नका.

अंतरावर सतत लक्ष ठेवा. स्ट्रायकर आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या मिडफिल्डरमध्ये १२ ते १५ मीटर. २५ झाले की चेंडू गेलाच समजा. बाकावरच्या एकाला फक्त हे अंतर बघायला बसवा आणि ते वाढले की त्याला ओरडू द्या.

चेंडू आता वेगळ्या जागी जाईल

जुना फॉरवर्ड चेंडू गमवायचा तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून २५ मीटरवर. नव्या खेळात पहिले काही सामने चेंडू मध्यरेषेजवळ जाईल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची उलट चढाई (काउंटर) तीस मीटर जवळून येईल. म्हणून चढाईत असताना तीन जण मागे आणि एक त्यांच्यासमोर, हे पक्के. दोन्ही फुलबॅक एकाच वेळी वर जाणार नाहीत. आणि जो श्वास फ्री किकमुळे मिळायचा तो आता मुद्दाम घ्या : थ्रो-इनला घाई नको, आघाडी असेल तर कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू धरा.

कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी

एक उजव्या, एक डाव्या पायाचा मारणारा ठरवा, सरावाची शेवटची २० मिनिटे त्यांना द्या. पेनल्टीची पहिली-दुसरी नावे कागदावर लिहून खोलीत लावा. मैदानात वाद नको.

प्रेसिंग

चेंडू गेला की तो हिसकावायला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावायचे, यालाच प्रेसिंग म्हणतात. पूर्वी एकाला त्या धावण्यातून सूट होती. ती आता कुणालाच नाही. यातून फायदाच होतो, तो घ्या.

पहिले तीन सामने

गोलफलकावरून निर्णय घेऊ नका. पट्टीत चेंडू मिळून गोलकडे तोंड किती वेळा वळले ते मोजा. पूर्ण सामन्यात आठच्या वर गेले तर मार्ग बरोबर आहे, हरलात तरी. चारच्या खाली असेल तर जिंकलात तरी बिघाड तसाच आहे. तीन सामने रचना बदलू नका. माणूस बदलायचा तर ६०व्या मिनिटाच्या आसपास मागून धावणारा बदला, त्याचीच सर्वाधिक दमछाक होते. चौथ्या सामन्यालाही आकडा हलला नाही तर मार्ग बदला. खेळाडूला दोष देत बसू नका.

जुन्या माणसाला परत बोलावण्याचा मोह याच काळात होतो. सुनील छेत्री ६ जून २०२४ला कुवेतविरुद्ध कोलकात्यात शेवटचा म्हणून सामना खेळला. त्या वर्षी भारताने एकही सामना जिंकला नाही, आणि मार्च २०२५मध्ये मालदीवविरुद्ध त्याला परत आणावे लागले. त्या सामन्यात त्याने गोलही केला. म्हणजे नऊ महिन्यांत त्याचे काम वाटलेच गेले नव्हते.

तो बरा होऊन परतला तर

पहिल्या दिवशी जुनी रचना लावू नका. शेवटची २०-२५ मिनिटे, प्रतिस्पर्ध्याचा सहा नंबर दमलेला असताना, त्याला नव्या रचनेतच एका स्ट्रायकरच्या जागी उतरवा. तो आला की सगळे पास आपोआप त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून सरावात त्याच्या संघाला नियम घाला : त्याला सलग दोन चढायांत चेंडू द्यायचा नाही. पूर्ण ९० मिनिटे तो खेळू लागेपर्यंत कॉर्नर आणि पेनल्टी नव्या माणसांकडेच राहू द्या.