बरणीच्या झाकणाची मूठ चिकटवूनही निघते? माझा अनुभव
लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या झाकणाची मूठ तुटली होती. झटपट गोंदाने चिकटायची, पण गरम पाण्याने धुतली की पुन्हा हातात. पांढरा गोंद तर पाण्यात मऊच पडला. फार वैताग आला.

शेवटी दोन नळ्यांच्या एपॉक्सीने (दोन भाग कालवून वापरायचा पक्का गोंद) काम झालं. आधी जुना गोंद अ‍ॅसिटोनने (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) कणन् कण काढला; सगळं यावरच अवलंबून आहे. साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवलं. दोन्ही नळ्यांतलं समप्रमाणात कालवून तुटलेल्या एकाच बाजूला पातळ थर दिला, मूठ दाबली, बाहेर आलेलं लगेच स्पिरिटने पुसलं. झाकण सपाट ठेवून मूठ चिकटपट्टीने ताणून बांधली आणि २४ तास हात लावला नाही. आता घट्ट आहे.

पदार्थाला लागणाऱ्या बाजूला मात्र एपॉक्सी नको. तडा आतपर्यंत गेला असेल, तर त्या बरणीत लोणचं भरू नका.