ट्रॅकवाला ट्रॅक्टर घेतला तरी माती दबते, मग काय काय बघायचं?

ट्रॅक, म्हणजे चाकांऐवजी लांब रुंद पट्टे, असले की माती दबतच नाही असं बरेच जण धरून चालतात, ते अर्धंच खरंय. आधी आपल्या मशीनचा हिशोब काढा, वजन किलोत घ्या आणि दोन्ही पट्टे मिळून जमिनीला जेवढे टेकतात त्या क्षेत्रफळाने भागा. समजा १२ टनाचा ट्रॅक्टर, प्रत्येक पट्टा ६० सेंमी रुंद आणि २०० सेंमी टेकलेला, तर झाले २४,००० चौरस सेंमी, म्हणजे चौरस सेंमीला अर्धा किलो. टायरचा दाब साधारण आतल्या हवेइतका किंवा थोडा जास्त धरायचा, दीड बार हवा असेल तर दीड किलो किंवा थोडा वरच.

पण अर्धा किलो ही सरासरी झाली. पट्टा आतून रोलरवर, म्हणजे छोट्या चाकांवर चालतो त्यामुळे रोलरच्या बरोबर खाली दाब दोन-तीन पट होऊ शकतो आणि त्यात मागे जड अवजार उचललं की सगळा भार मागे सरकतो, मग एवढा लांब पट्टा असून उपयोग काय! म्हणून अवजार लावून मऊ रानात थोडं चालवा, थांबा, खाली उतरून बघा. पट्टा मागे जास्त रुतलाय आणि पुढे हलका टेकलाय? पुढे वजन लावा.

आणि एक, वरच्या थराला हा दाब महत्त्वाचा, पण फूट-दीड फुटाच्या खाली एकूण वजनच बोलतं, तिथे ट्रॅकचा फायदा बराच कमी होतो आणि तिथली दबलेली माती लवकर सुटत नाही हो. त्यामुळे वाफसा आल्याशिवाय रानात शिरूच नका, नांगर जितका खोल जातो तिथली माती काढून तळहातावर वळा, बारीक वळी होत असेल तर अजून ओली आहे. ट्रॅक ओल्यातही रुतत नाही, हाच खरा धोका, कारण टायरवाला जिथे थांबला असता तिथे आपण जात राहतो.

वळताना जागच्या जागी फिरवू नका, माती खरवडून ढीग होतात, मोठा वळसा घ्या. बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो, म्हणून दरवेळी त्याच चाकोरीतून जा.

हंगामानंतर चाकोरीत एक आणि बांधाकडेला एक खड्डा खणून बघा, मुळं आडवी वळलेली दिसली की कडक थर तिथेच आहे.